मुंबईची लोकल आणि प्रवाशांची सुरक्षितता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या उपनगरीय रेल्वेने दररोज सुमारे ७५ लाख लोक ये-जा करतात. दीडशेहून अधिक वर्षांच्या वाटचालीत या रेल्वेवर सिग्नल बदलले, विजेचा दाब बदलला, डबे वाढले, कॅमेरे आले आणि अलीकडे काही गाड्यांचे दरवाजेही आपोआप बंद होऊ लागले. ही प्रत्येक सुधारणा कशामुळे झाली आणि तिला इतका वेळ का लागला, हे प्रवाशाला ठाऊक असले पाहिजे, असे आम्हांला मनापासून वाटते. हा इतिहास तपासताना एक गोष्ट सतत समोर येते. गाडी गाडीवर आदळू नये, याची काळजी रेल्वेने फार लवकर घेतली. दारात लटकणारा, रूळ ओलांडणारा आणि पुलावर चेंगरणारा माणूस मात्र तिच्या हिशेबात फार उशिरा आला. पुढील बहुतेक उत्तरांमागे हाच धागा आहे.

‘सुरक्षितता’ आणि ‘सुरक्षा’ यांत काही फरक आहे का?

बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, परंतु रेल्वेच्या कारभारात ही दोन स्वतंत्र खाती आहेत. सिग्नल, रूळ, ब्रेक, पूल, फलाट यांतील दोषांमुळे अपघात होऊ नये, हा सुरक्षिततेचा विषय. चोरी, छेडछाड, मारहाण, घातपात यांपासून प्रवाशाचे रक्षण करणे, हा सुरक्षेचा. जबाबदार यंत्रणा वेगळ्या असल्यामुळे तक्रार कोठे करायची, हेही या फरकावरून ठरते. या पानावर दोन्हींचा विचार केला आहे.

सुरुवातीच्या काळात सुरक्षिततेची व्यवस्था कशी होती?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली, तेव्हा १४ डब्यांना साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडली होती आणि गाडीत सुमारे ४०० निमंत्रित होते. त्या काळी रुळावर गाड्याच मोजक्या असल्यामुळे एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडणे, हाच सुरक्षिततेचा मुख्य उपाय होता.

खरा बदल विजेबरोबर आला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेवरील गाडी धावली, तर कुलाबा ते बोरिवली या मार्गाचे विद्युतीकरण १९२८ च्या जानेवारीत पूर्ण झाले. विजेच्या गाड्या पटकन वेग घेतात आणि पटकन थांबतात, त्यामुळे दोन गाड्यांमधील अंतर कमी करता येते. पण अंतर कमी करायचे तर हाताने हलवायचे सिग्नल पुरे पडत नाहीत. म्हणून १९२८ मध्येच व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या पट्ट्यात स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल बसवण्यात आले. पुढची गाडी कोठे आहे, हे रुळातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावरून ओळखून असा सिग्नल आपला रंग स्वतःच बदलतो. आज गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांना एक लोकल सोडता येते, त्याचा पाया त्या वर्षी घातला गेला.

लाल सिग्नल चुकून ओलांडला गेला किंवा मोटरमनला भोवळ आली, तर गाडी थांबते का?

होय, आणि त्यासाठी दोन वेगवेगळ्या योजना आहेत. पहिली योजना मोटरमनच्या हातातच असते. गाडी चालवण्याची मूठ त्याला दाबून धरावी लागते. हात सुटला की ब्रेक आपोआप लागतात.

दुसरी योजना सिग्नलशी जोडलेली आहे. मुंबईच्या उपनगरीय मार्गांवर १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने साहाय्यक इशारा यंत्रणा बसवण्यात आली. रुळालगतच्या चुंबकाकडून सिग्नलची स्थिती गाडीतील यंत्राला कळते. पिवळ्या सिग्नलपाशी मोटरमनने ठरावीक क्षणांत बटण दाबून इशारा मिळाल्याची पोच द्यायची आणि वेग कमी करायचा. त्याने तसे केले नाही, तर यंत्र स्वतः ब्रेक लावते. इतक्या दाट वाहतुकीच्या मार्गावर दोन लोकलची टक्कर ही दुर्मीळ घटना ठरली, यात या यंत्रणेचा मोठा वाटा आहे. देशभरातील रेल्वेसाठी विकसित केलेली ‘कवच’ ही प्रणाली २०२० मध्ये राष्ट्रीय स्तरावर स्वीकारण्यात आली असून ती याच विचाराचे पुढचे आणि अधिक सक्षम रूप आहे, कारण ती गाडीच्या वेगावर अखंड लक्ष ठेवते.

यंत्रणा इतकी चांगली असेल, तर लोकलवर इतके मृत्यू का होतात?

कारण मरणारे बहुतेक लोक गाड्यांच्या टकरीत मरतच नाहीत. रूळ ओलांडताना गाडीखाली येणे, चालत्या गाडीतून पडणे, दारात लटकताना खांबाला आदळणे आणि फलाट व गाडी यांमधील पोकळीत सापडणे, ही मृत्यूची प्रमुख कारणे आहेत आणि त्यांतही पहिल्या दोहोंचा वाटा सर्वांत मोठा आहे.

ज्येष्ठ अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय रेल्वे सुरक्षितता समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये आपला अहवाल सादर केला. देशभरात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे रूळ ओलांडताना मरतात आणि त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरीय रेल्वेवर मरतात, असे त्या अहवालाने नोंदवले आणि कोणत्याही सुसंस्कृत समाजाला हे हत्याकांड मान्य होऊ शकत नाही, असे खडसावले. सरकारी अहवालात असा शब्द क्वचितच येतो. तोवर ही माणसे ‘अनधिकृत प्रवेश’ या रकान्यात जात आणि त्यामुळे रेल्वेच्या अपघातांच्या आकडेवारीत त्यांना जागाच नसे. रकाना बदलला की प्रश्न दिसेनासा होतो, म्हणून आम्हांला या अहवालाचे मोल विशेष वाटते.

अलीकडच्या वर्षांत हा आकडा खाली आला आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये मुंबईच्या लोकलमार्गांवरील एकूण मृत्यू अडीच हजारांच्या आसपास होते. तरीही दिवसाला सरासरी सहा-सात घरांवर हा घाला पडतो. जून २०२४ मध्ये एका जनहित याचिकेच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने, प्रवाशांना गुरांप्रमाणे कोंबून नेले जात असल्याबद्दल रेल्वेला कठोर शब्दांत सुनावले होते.

रूळ ओलांडणे थांबवण्यासाठी आजवर काय करण्यात आले?

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा असून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या दंडाने हा प्रश्न सुटत नाही, हे अनेक वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. रुळांच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला बाजार, शाळा किंवा कामाचे ठिकाण असेल, आणि पूल दूर असेल, तर माणूस जवळची वाट धरतो. त्यामुळे भिंती, कुंपणे, दोन फलाटांच्या मध्ये उभे केलेले लोखंडी अडथळे, अधिक पादचारी पूल आणि सरकते जिने, हेच टिकाऊ उपाय ठरले. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाने मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात या कामाला स्वतंत्र तरतूद दिली, हे उशिरा का होईना पण योग्य पाऊल होते.

वडाळ्याजवळ २००९-१० मध्ये झालेला एक प्रयोग मात्र आवर्जून सांगण्यासारखा आहे, कारण त्याला खर्च जवळजवळ शून्य होता. मानवी वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेच्या असे लक्षात आले की, माणसाला मोठ्या वस्तूचा वेग नेहमी आहे त्याहून कमी वाटतो. गाडी अजून लांब आहे, असे वाटून माणूस पुढे होतो आणि तोवर ती अंगावर येते. यावर तीन उपाय केले गेले. रुळांखालचे काही स्लीपर ठरावीक अंतराने पिवळे रंगवले, म्हणजे ते भराभर गाडीखाली जाताना पाहून वेगाचा नेमका अंदाज येईल. एकच लांब शिट्टी देण्याऐवजी दोन तुटक शिट्ट्या द्यायच्या, कारण तुटक आवाजाने कान लवकर टवकारतात. आणि सूचनाफलकावर लिखित इशाऱ्याऐवजी गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या भयभीत चेहऱ्याची छायाचित्रे लावली. तेथील मृत्यूंमध्ये लक्षणीय घट झाल्यावर हा प्रयोग इतर ठिकाणीही नेण्यात आला.

फलाट आणि गाडी यांमधील पोकळी कमी करायला न्यायालयाला का सांगावे लागले?

रूळ दुरुस्त करताना खाली नवी खडी पसरली की रूळ, आणि त्याबरोबर गाडी, थोडी वर उचलली जाते; फलाट मात्र जागेवरच राहतो. असे वर्षानुवर्षे होत गेल्याने अनेक स्थानकांवर गाडीचा पाटा फलाटापेक्षा बराच उंच झाला होता. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात एक सोळा वर्षांची मुलगी या पोकळीत पडली आणि तिने दोन्ही हात गमावले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नात गांभीर्याने लक्ष घातले, आणि उपनगरीय फलाटांची उंची रुळापासून ९०० ते ९२० मिलिमीटर करण्याचे काम हाती घेतले गेले. एका हाताच्या वितीएवढीही नसलेली ही वाढ वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी फार मोठी आहे. जी स्थानके वळणावर आहेत, तेथे डब्याचा सरळ कडा आणि फलाटाचा वाकडा कडा यांत आडवे अंतर उरतेच, त्यामुळे अशा ठिकाणी चढता-उतरताना पायाखाली पाहणे आजही आवश्यक आहे.

एल्फिन्स्टन रोडच्या दुर्घटनेनंतर नेमके काय बदलले?

२९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, अचानक कोसळलेल्या पावसामुळे एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर लोक आडोशाला थांबले, मागून येणाऱ्या गाड्यांतील प्रवासी त्यांत मिसळत गेले आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. गिरण्यांच्या जागी कार्यालये उभी राहिल्यावर या परिसरात येणाऱ्यांची संख्या अनेक पटींनी वाढली होती, पण पूल मात्र जुन्या काळाच्या मापाचाच राहिला होता. आमच्या मते या घटनेचे मूळ पावसात किंवा त्या वेळी पसरलेल्या अफवेत शोधण्यापेक्षा या विसंगतीत शोधले पाहिजे.

त्यानंतर एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली येथील पादचारी पूल उभारण्याचे काम लष्कराकडे सोपवण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते पूल खुले झाले. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव पुढे प्रभादेवी झाले. याहून महत्त्वाचा बदल धोरणात झाला. पादचारी पूल ही ‘प्रवासी सुविधा’ मानली जाई, म्हणजे निधी उरला तर करायचे काम; या दुर्घटनेनंतर तो सुरक्षिततेचा भाग मानला जाऊ लागला. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ रुळांवर कोसळल्यानंतर रेल्वेवरून जाणाऱ्या जुन्या पुलांची तपासणी आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांच्या साहाय्याने करण्यात आली.

लोकलचे दरवाजे मेट्रोप्रमाणे बंद का होत नाहीत?

हा आमच्याकडे सर्वाधिक येणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात. अशा डब्यात हवा येते ती मुख्यतः उघड्या दारांतून. दारे बंद केली आणि हवेची दुसरी सोय केली नाही, तर आतील माणसे गुदमरतील, ही भीती रास्त होती. दुसरी अडचण वेळेची. स्थानकावर गाडी वीस ते तीस सेकंद थांबते. तेवढ्यात शेकडो लोकांनी चढून-उतरून दारे बंद व्हायची, आणि एक जरी पिशवी दारात अडकली तरी मागच्या सगळ्या गाड्या खोळंबायच्या.

यातील हवेचा प्रश्न हळूहळू सुटत गेला. २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांमध्ये छतावरून बाहेरची हवा आत ढकलणारी यंत्रणा बसवलेली होती. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली आणि स्वयंचलित दरवाजे या मार्गावर चालू शकतात, हे प्रत्यक्ष दिसले. मात्र तिचे भाडे साध्या द्वितीय श्रेणीच्या अनेक पट असल्यामुळे बंद दारांचे संरक्षण सुरुवातीला ऐपत असलेल्यांनाच मिळाले.

९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर एकमेकींच्या बाजूने जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकणारे प्रवासी घासले जाऊन खाली पडले आणि त्यांपैकी चार जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. त्याच दिवशी रेल्वेने, मुंबईसाठी यापुढे बनणाऱ्या सर्व लोकलना स्वयंचलित दरवाजे असतील, असे जाहीर केले. विनावातानुकूलित गाडीसाठी नव्या रचनेत तीन गोष्टी ठरल्या : हवा आत येईल अशी झडपांची दारे, छतावरून हवा ढकलणारी यंत्रे, आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्याचा मार्ग, म्हणजे गर्दी आपोआप विभागली जाईल. या तिन्ही गोष्टींचे तंत्र त्या दिवशी शोधलेले नव्हते. ते कितीतरी आधीपासून उपलब्ध होते, याचे आम्हांला दुःख वाटते.

टपावर बसून जाणारे लोक आता का दिसत नाहीत?

पूर्वी मुंबईच्या लोकल १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालत. २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेवर आणि २०१६ पर्यंत मध्य व हार्बर मार्गांवर २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह आला. इतक्या उच्च दाबाच्या तारेला स्पर्श करण्याचीही गरज नसते. तिच्या फार जवळ गेलेल्या माणसापर्यंत वीज हवेतूनही झेप घेऊ शकते. या धोक्याच्या उद्घोषणा आणि कारवाई यांमुळे टपावरचा प्रवास बहुतांशी थांबला.

११ जुलै २००६ आणि २६ नोव्हेंबर २००८ नंतर सुरक्षेत कोणते बदल झाले?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमधील प्रथम श्रेणीच्या डब्यांत अवघ्या ११ मिनिटांत सात स्फोट झाले. सुमारे दोनशे जणांचा मृत्यू झाला आणि सातशेहून अधिक जखमी झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये दोन दहशतवाद्यांनी केलेल्या गोळीबारात ५० हून अधिक माणसे मारली गेली. त्या रात्री उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपली केबिन न सोडता, प्रवाशांनी मागच्या बाजूने बाहेर पडावे, अशी सूचना ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा दिली आणि असंख्य जीव वाचवले. संकटाच्या वेळी स्पष्ट, योग्य आणि वेळेवर दिलेली सूचना ही स्वतःच एक सुरक्षा यंत्रणा असते, हे त्यांनी दाखवून दिले.

यानंतर देशातील २०२ संवेदनशील स्थानकांसाठी एकात्मिक सुरक्षा व्यवस्था मंजूर झाली. सीसीटीव्ही, प्रवेशनियंत्रण, व्यक्ती व सामान यांची तपासणी आणि स्फोटके शोधून निकामी करणे, अशी तिची चार अंगे आहेत. मुंबईत कॅमेऱ्यांचे जाळे चांगले वाढले. सामानाची सरसकट तपासणी मात्र उपनगरीय स्थानकांवर शक्य होत नाही, कारण विमानतळासारखी रांग लावली तर काही मिनिटांतच स्थानकाबाहेर चेंगराचेंगरीचा धोका निर्माण होईल. म्हणून येथे प्रवाशांची सावधगिरी आणि कॅमेऱ्यांची नजर यांवरच अधिक भर द्यावा लागतो.

महिला प्रवाशांसाठी कोणती व्यवस्था आहे?

लोकलमध्ये महिलांसाठी राखीव डबे आहेत आणि ५ मे १९९२ पासून पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी महिला विशेष लोकल सुरू झाली. रात्री महिलांच्या डब्यांत पोलीस तैनात असतात. अनेक डब्यांत कॅमेरे आणि गार्डशी थेट बोलण्याचे बटण बसवले आहे. महिलांच्या डब्यात शिरणाऱ्या पुरुषाला रेल्वे अधिनियमाच्या कलम १६२ खाली दंड होतो. पण ती रक्कम ५०० रुपयांपर्यंतच आहे आणि ती आजच्या काळात अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस यांत फरक काय? तक्रार कोठे करावी?

रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ, हे १९५७ च्या अधिनियमानुसार चालणारे केंद्राचे दल आहे. रेल्वेच्या मालमत्तेचे रक्षण हे त्याचे मूळ काम असून २००३ च्या दुरुस्तीनंतर प्रवाशांच्या सुरक्षेची जबाबदारीही त्याच्याकडे आली. लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी, हे राज्याच्या गृहखात्याखाली येतात. चोरी, विनयभंग, मारहाण असे गुन्हे तेच नोंदवतात आणि त्यांचा तपासही तेच करतात. रुळांलगत उभे राहून दारातील प्रवाशाच्या हातावर काठी मारून मोबाइल पाडणाऱ्या ‘फटका गँग’विरुद्धची तक्रारही जीआरपीकडेच जाते. रेल्वेच्या मदतीसाठी १३९ आणि लोहमार्ग पोलिसांसाठी १५१२ हे क्रमांक आहेत. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली, या कारणावरून तक्रार घेण्यास नकार देता येत नाही. कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवता येतो.

डब्यात धूर किंवा आग दिसल्यास गाडीतून उडी मारावी का?

शक्यतो मारू नये, आणि लगतच्या रुळाच्या बाजूला तर मुळीच नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये कांदिवलीजवळ आगीच्या अफवेने घाबरून महिला प्रवाशांनी लोकलमधून उड्या मारल्या आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या गाडीखाली जवळपास पन्नास जणी सापडल्या. गाडीत आग नव्हती. आधी साखळी ओढावी, गाडी पूर्ण थांबू द्यावी आणि उतरावेच लागले, तर ज्या बाजूला रूळ नाहीत त्या बाजूने उतरावे. अशा प्रसंगी साखळी ओढणे हे सबळ कारण असते आणि त्यासाठी शिक्षा होत नाही.

रविवारचा मेगाब्लॉक सुरक्षिततेसाठीच असतो का?

होय. रूळ, सांधे, सिग्नल आणि वरच्या तारा यांची देखभाल धावत्या गाड्यांमध्ये करता येत नाही. मेगाब्लॉक सतत पुढे ढकलले गेले, तर रूळ तडकण्याचे प्रकार वाढतात आणि काम करणाऱ्या गँगमनच्या जिवालाही धोका होतो.

लोकलमधून पडून मृत्यू झाल्यास भरपाई मिळते का? पडणाऱ्याचीच चूक होती, असे म्हटले तर?

१९९४ पर्यंत गाडीची टक्कर किंवा घसरण झाली तरच भरपाई मिळत असे. त्या वर्षी रेल्वे अधिनियमात कलम १२४-अ घालण्यात आले आणि प्रवासी गाडीतून अपघाताने पडणे ही ‘अनिष्ट घटना’ मानली जाऊ लागली. या कलमाखाली रेल्वेचा दोष सिद्ध करावा लागत नाही. गाडीत चढताना पडणेही यात येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. प्रवाशाचा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही आणि मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून तो विनातिकीट होता असे ठरत नाही, हे २०१८ च्या निकालाने स्पष्ट केले. आत्महत्या, स्वतःला जाणूनबुजून केलेली इजा किंवा गुन्हा करताना झालेला मृत्यू यांना भरपाई मिळत नाही; तसेच रूळ ओलांडणारी व्यक्ती ‘प्रवासी’ ठरत नसल्याने तिलाही ती मिळत नाही.

मृत्यूच्या भरपाईची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून चार लाखांवरून आठ लाख रुपये झाली आहे. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत दाखल करावा. उशिराला सबळ कारण असल्यास न्यायाधिकरण तो माफ करू शकते. स्टेशन मास्तरांनी दिलेला अपघाताचा मेमो, जीआरपीचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि पास किंवा तिकिटाची प्रत ही कागदपत्रे पहिल्या काही दिवसांतच मागून घ्यावीत. पास मोबाइलवर काढलेला असेल, तर तो फोन कोणाच्या ताब्यात आहे, याची नोंद पंचनाम्यात करून घ्यावी.